मावशी, वॉर्डातल्या भाज्यांवर कुणी हसत नाही

पत्र असं आलंय (थोडं कापून देतेय, मूळ पत्र नाइट ड्यूटीत लिहिलेलं दिसतंय, फारच लांब होतं):

"मावशी, मी मिरजेची. एमबीबीएस झाल्यावर प्लॅब दिली (बाहेरच्या डॉक्टरांना इथे काम करायला द्यावी लागते ती परीक्षा) आणि आता इंग्लंडात लेस्टरला हॉस्पिटलात नोकरी करते, व्हिसा हॉस्पिटलच्याच नावावर आहे. गेलं दीडेक वर्ष मी पबमधल्या ओपन माइकला जाते, म्हणजे जिथे कुणीही पाच मिनिटं स्टँडअप करून बघू शकतं. माझा सेट असा की मी वॉर्डाचा राउंड घेतेय पण पेशंट सगळे भाज्या. वांग्याला ऑब्झर्वेशनला ठेवलंय, कोथिंबीर काल रात्री गेली, नातेवाइकांना कळवलंय, आणि कोपऱ्यातल्या बेडवर सुरण आहे, त्याला भेटायला कुणीच येत नाही. अर्ध्या वेळा लोक नुसते बघत बसतात. एका सीनियर कॉमिकने, म्हणजे स्टँडअप करणाऱ्याने, सांगितलं की हे सगळं सोड, तुला अ‍ॅक्सेंट आहे, इंडियन आई आहे, अरेंज्ड मॅरेज आहे, त्यावर बोल, धावेल. एकदा केलं तसं. धावलं. घरी येऊन मात्र कसंतरीच झालं. आता वाटतं की नोकरीच सोडावी आणि पूर्णवेळ यात पडावं. नवरा म्हणतो तुझं तू ठरव, म्हणजे नको. आईला तर सांगितलेलंच नाही. इथला तो कॉमेडियन हॅरी हिल, तो पण डॉक्टर होता ना, त्याने सोडलीच की डॉक्टरकी? मग मी का नाही? — सुरणवाली डॉक्टर, लेस्टर"

अगं सुरणवाली,

आधी उत्तर सांगून टाकते, नाहीतर तू ते शोधत थेट खाली जाशील. नोकरी आत्ता सोडू नकोस, आणि भाज्या तर अजिबात सोडू नकोस. आता का ते सांगते, आणि तू हॅरी हिलचं नाव घेतलंयसच तर त्याच्यावरूनच सांगते, कारण मला वाटतं तू त्याच्या गोष्टीतलं एकच वाक्य उचललंयस, "त्याने सोडली", आणि बाकीची गोष्ट तशीच ठेवून दिलीयेस.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टक्कल, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, काळा सूट, खिशात पेनं, आणि शर्टाची कॉलर एवढी मोठी की मान कुठे आहे ते शोधायला लागतं. खरं नाव मॅथ्यू हॉल, जन्म १९६४, वोकिंगचा, वाढला केंटमध्ये. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधून डॉक्टर झाला, हॉस्पिटलात थोडा काळ राबला आणि १९९० च्या आसपास बाहेर पडून कॉमेडीत आला. १९९२ ला एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवात पेरियर या कॉमेडीतल्या मोठ्या अवॉर्डमधलं बेस्ट न्यूकमरचं अवॉर्ड, आणि हे न्यूकमर अवॉर्ड त्याच वर्षी सुरू झालं होतं, म्हणजे पहिलंच त्याला. मग रेडिओ, मग चॅनल फोरवर स्वतःचा शो, मग आयटीव्हीवर टीव्ही बर्प हा विनोदी शो, ज्याला २००८ मध्ये बाफ्टा हे इथलं टीव्हीचं मोठं अवॉर्ड मिळालं. घराघरात मुलं त्याच्यासारखं कॅमेऱ्याकडे तिरकं बघायला लागली.

हे वाचून कुणालाही वाटेल की बघा, डॉक्टरकी सोडली आणि दोन वर्षांत अवॉर्ड. थांब जरा.

पहिली गोष्ट, तो सोडून गेला कुठे ते बघ. १९९० चं लंडन म्हणजे पबच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, जिथे पन्नास खुर्च्या बसतील तिथे कॉमेडी क्लब. कॉमेडी स्टोअर १९७९ ला सोहोमध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या दहाएक वर्षांत अख्खं सर्किट उभं राहिलं होतं आणि त्या सर्किटला वेगळं काहीतरी करणारी माणसं हवीच होती, सासूवरचे आणि आयरिश माणसावरचे जुने जोक नकोत म्हणूनच तर ते सगळं सुरू झालेलं. म्हणजे विचित्र माणसाला त्या वेळी दार उघडं होतं. आणि तो त्याच देशाचा नागरिक. उद्या नाहीच जमलं तर त्याला कुणी देशाबाहेर काढणार नव्हतं, डिग्री हातात होती, परत जाऊन कुठल्यातरी हॉस्पिटलात उभा राहिला असता.

तुझं तसं नाहीये ना बाई. तुझा व्हिसा हॉस्पिटलच्या नावावर आहे. नोकरी सोडलीस की हॉस्पिटल होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवणार आणि मग साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोध नाहीतर सामान बांध, असा हिशोब आहे. पूर्णवेळ कॉमेडियन म्हणून तुला कोण स्पॉन्सर करणार, तो पबवाला? त्याला त्याचा माइक दुरुस्त करायला पैसे नसतात. आणि नुसतं सोडायचंच नाही, नोकरी चालू ठेवून पैशाचे गिग, म्हणजे प्रयोग, घ्यायचे म्हटलं तरी या व्हिसावर मुख्य कामाबाहेरच्या कमाईला अटी आहेत, स्वतःचा धंदा म्हणून प्रयोग करून पैसे घेणं त्यात बसत नाही. पन्नास पौंडाच्या पाकिटासाठी अख्खं करिअर लटकवून ठेवू नकोस. पहिलं पाकीट हातात घ्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा फी देऊन नीट विचार, फुकटच्या स्पॉटबद्दल पण विचार, आणि उत्तर लेखी घे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नकोस, तिथे प्रत्येकाच्या चुलत भावाला काहीतरी वेगळंच सांगितलेलं असतं. कायम राहायची परवानगी मिळाली की हे बंधन सुटतं, पण त्याचे नियमही सध्या हलतायत, म्हणून तेही त्याच वकिलाला विचारून घे, म्हणजे किती वर्षांचा प्लॅन करायचा ते कळेल.

हे रुक्ष झालं, माहितीये मला. पण नाटकबिटक, कला, स्वप्न वगैरे सगळं या एका कागदावर उभं आहे म्हणून आधी बोलून घेतलं.

आता मजेचं. तुझ्या भाज्या.

मी शनिवारी संध्याकाळी टीव्ही बर्प न चुकता बघितलेली बाई आहे. त्याचं काम काय होतं सांगू का, आठवडाभर टीव्हीवर जे काही लागलं, सिरियली, स्वयंपाकाचे शो, प्राण्यांच्या डॉक्युमेंटऱ्या, ते बसून बघायचं. टीम होती लेखकांची पण बघायला लागायचंच, तासन्‌तास. आणि मग त्यातला असा तुकडा काढायचा की ज्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. हिरॉइन रडतेय, पण मागे एक एक्स्ट्रा माणूस सँडविच खातोय. तो क्लिप दाखवणार, मग डोकं वाकडं करून कॅमेऱ्याकडे बघणार आणि लहान मुलासारखा प्रश्न विचारणार. मध्येच दोन गोष्टींपैकी भारी कुठली असा वाद काढणार, आणि तो सोडवायला दोन माणसं वेषबिष करून धावत येणार आणि खरोखर कुस्ती करणार. शेवटी गाणं. बघताना वाटायचं की हा माणूस सुटलाय, मनाला येईल ते करतोय. पण तू दर आठवड्याला बघितलंस तर लक्षात येतं की त्यात मनाला येईल ते काहीच नाही, सगळं मिनिटामिनिटाला बांधलेलं आहे. तुकडा केवढा, बघायचं कधी, गप्प किती वेळ राहायचं, सगळं.

त्याचं स्टँडअप तर याहून बांधलेलं. तो एक विषय काढतो, अर्ध्यात सोडतो. दुसरा काढतो, तोही सोडतो. मग तिसरा, त्यात एखादं गाणं. प्रेक्षकाला वाटतं हा भरकटला, आणि मग दहा मिनिटांनी तिसऱ्या विषयाच्या मध्येच पहिल्याचं शेपूट येऊन पडतं, काहीच संबंध नसताना, आणि हॉल फुटतो. कारण लोकांनी ते डोक्यात कुठेतरी ठेवलेलं असतं आणि त्यांना माहीत नसतं की आपण ठेवलंय. असे चार-पाच धागे एका वेळी हवेत ठेवायचे म्हणजे कुठला कधी सोडला आणि कधी पकडायचा हे पाठ असावं लागतं. ते काय पाच मिनिटांच्या ओपन माइकवर अंगात येत नाही.

आणि अजून एक बघ, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. १९९३ पासून त्याचा शो बीबीसीच्या रेडिओ फोरवर होता. रेडिओवर! म्हणजे कॉलर नाही, चष्मा नाही, टक्कल नाही, तिरकं बघणं नाही. आणि तरी चालला, पुढची चार वर्षं. याचा अर्थ विचित्रपणा कपड्यात नव्हता, लिहिण्यात होता. हल्ली बघते मी, पोरं आधी विचित्र टोपी घेतात आणि मग जोक शोधतात. तू तसली नाहीयेस, तुझं उलट आहे, तुझ्याकडे लिहिलेलं आहे पण बांधलेलं नाहीये.

तुझा सेट तू पत्रात लिहिलायस तेवढाच बघते आता. कोथिंबीर काल रात्री गेली. छान आहे, मी हसले. पण मग ती परत येतच नाही! नातेवाइकांना कळवलंय म्हणतेस, मग ते नातेवाईक कुठायत? पुदिना येऊ दे ना धावत, उशिरा, कुणीतरी त्याला चुकीचा वॉर्ड सांगितलेला. आणि तो आला की तुला आठवू दे की आपण मघाशी वांग्याची ऑब्झर्वेशन लिहायची राहिलीच. म्हणजे राउंड पुढे जायला हवा पण मागचे पेशंट तुला सोडत नाहीयेत, खऱ्या वॉर्डात होतं तसंच. तू हे रोज जगतेस, कागदावर का आणत नाहीस? सध्या तुझ्या भाज्या एकेक करून येतात आणि जातात, ओपीडीच्या लायनीसारख्या. त्यांना अ‍ॅडमिट करून घे.

दुसरं, लोक बघत बसतात ते कधी, हे तू लिहिलं नाहीयेस. माझा अंदाज, सुरुवातीलाच. कारण तू सरळ वांग्यापासून सुरू करतेस आणि पबमधल्या माणसाला कळत नाही की हे काय चाललंय, ही बाई आजारी आहे का खरंच. पहिल्या अर्ध्या मिनिटात नियम सांग, तोही अगदी कोरड्या आवाजात, तू डॉक्टर आहेस, हा राउंड आहे, वेळ कमी आहे. एकदा नियम कळला की इंग्लिश प्रेक्षक कितीही वेड्यासारखं ऐकून घेतो, त्यांची परंपराच आहे ती. डॉक्टरांची तर खास. ग्रॅहम चॅपमन, मॉन्टी पायथन या विनोदी ग्रुपमधला, मेडिसिन शिकलेला. बियाँड द फ्रिंज या विनोदी शोमधला जोनाथन मिलर डॉक्टर. द गुडीज या विनोदी मालिकेतला ग्रॅम गार्डन पण मेडिकलचाच. मढ्यांबरोबर शिकल्यावर डोक्यात काय होतं कुणास ठाऊक, पण या देशातला सगळ्यात विक्षिप्त विनोद बराचसा मेडिकल कॉलेजमधून आलेला आहे, तू काही परकी नाहीस त्यात.

आणि सुरण कुणाला माहीत नाही म्हणून काढू नकोस, तुला तो मोह होणार आहे, होतोच. बेलग्रेव्ह रोडवरचा देशी बाजार सोडला तर लेस्टरमध्येही अर्ध्या लोकांनी सुरण बघितलेला नसेल. मग उत्तमच ना. तो काय आहे हे वॉर्डात कुणालाच माहीत नाही, फाइल नाही, नाव वाचता येत नाही, कन्सल्टंट येऊन लांबूनच बघून जातो. बेवारस पेशंट. यात तू स्वतः कुठेतरी आहेस हे तुला न सांगता लोकांना कळेल, आणि अ‍ॅक्सेंटवर एक अक्षर न बोलता कळेल.

आता त्या सीनियर कॉमिककडे येऊ. त्याला शिव्या घालू नकोस, तो खोटं बोलत नाहीये. शुक्रवार-शनिवारचे पैसेवाले क्लब असतात, लग्नाआधीच्या पार्ट्या आलेल्या असतात, लोक चार ड्रिंक आत असतात, तिथे प्रमोटरला तीस सेकंदात हशा लागतो आणि तुझी आई तो देऊ शकते. आईवर विनोद करण्यात काही पाप पण नाही. चांगली आई असेल तर मी पण ऐकेन. पण तुला घरी येऊन कसंतरी झालं, हे तू स्वतःच लिहिलंयस, आणि ते झालं कारण तो सेट तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणीही केला असता तरी चालला असता. भाज्यांचा दुसरं कोण करेल सांग.

शिवाय भाज्यांचा एक फायदा तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. डॉक्टर लोक स्टेजवर गेले की पहिला मोह पेशंटचे किस्से सांगायचा, आणि तिथेच फसतात. जीएमसीचे, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलचे, गोपनीयतेचे नियम पबमध्ये पण लागू असतात, नाव न घेता सांगितलं तरी ओळखता येत असेल तर गेलीस. लेस्टर काही एवढं मोठं नाही, समोरच्या टेबलावर त्या पेशंटची भाची बसलेली असू शकते. अ‍ॅडम के म्हणून आहे ना, गायनॅकचा डॉक्टर होता, २०१० ला सोडलं आणि पुढे हॉस्पिटलातल्या डायऱ्या काढून प्रचंड गाजला, त्याला पण पेशंटचे तपशील बदलूनच सगळं लिहावं लागलं. तुझ्याकडे वॉर्डाचा सगळा मसाला आहे, ताण आहे, मरण आहे, नातेवाईक आहेत, बेड नाहीयेत, आणि एकही खरा पेशंट नाही. वांगं जीएमसीकडे तक्रार करत नाही. हे तू मुद्दाम केलंस की चुकून जमलं मला माहीत नाही, पण सोडू नकोस.

तू फक्त हॅरी हिलचं उदाहरण दिलंस, मी तुला दुसरं देते, तुझ्या जास्त कामाचं. पॉल सिन्हा. तोही सेंट जॉर्जेसचाच, बंगाली घरातला, जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. दिवसा दवाखान्यात पेशंट बघायचा आणि रात्री स्टँडअप, असं एक-दोन नाही, बरीच वर्षं. २००६ ला एडिनबरामध्ये मोठ्या अवॉर्डच्या नॉमिनेशनपर्यंत पोचला, तेव्हाही डॉक्टरच होता. २०११ ला द चेस या क्विझ शोमध्ये आला आणि मग घरोघरी ओळखू लागले. आणि फिल हॅमंड बघ, डॉक्टरकी आणि कॉमेडी दोन्ही वर्षानुवर्षं चालवली, शिवाय प्रायव्हेट आय पाक्षिकात लिहून ब्रिस्टलच्या हार्ट ऑपरेशनचं प्रकरण बाहेर काढलं ते वेगळंच. जो ब्रँड तर मानसिक आजारांच्या वॉर्डात दहा वर्षं नर्स होती. स्टेजवर दारू प्यायलेला माणूस ओरडायला लागला की ती ज्या थंडपणे त्याच्याकडे बघते ना, ते वॉर्डातून आलेलं आहे. म्हणजे "सोडली की झालो" असा एकच रस्ता नाहीये, आणि मला विचारशील तर सोडलेल्यांपेक्षा न सोडलेल्यांचाच रस्ता तुझ्या व्हिसाला झेपणारा आहे.

आणि हॅरीच्या बाबतीत लोक दुसरा अर्धा भाग पण सांगत नाहीत. टीव्ही बर्प २०१२ ला संपला. पुढच्याच वर्षी त्याचा सिनेमा आला, हॅमस्टरला घेऊन ब्लॅकपूलला जातात असा काहीतरी, समीक्षकांनी धुतला. २०१४ ला एक्स फॅक्टर या गाण्याच्या रिअॅलिटी शोवर म्युझिकल, लंडन पॅलेडियमसारखं थिएटर, संवाद ह्याचे, मार्च संपता संपता उघडलं आणि १० मे ला बंद. दीड महिना! २०१५ ला स्टार्स इन देअर आइज हा जुना टीव्ही शो परत आणला, एकच सीझन. लागोपाठ तीन वर्षं तीन दणके, आणि ते सुद्धा बाफ्टा घरात असताना. या माणसाला तेव्हा कुणीतरी सांगितलं असणारच की बाबा आता जरा नॉर्मल काहीतरी कर. त्याने पुढे काय केलं तर टोनी ब्लेअरवर रॉक ऑपेरा लिहिला, २०२२ ला लंडनच्या छोट्याशा पार्क थिएटरमध्ये लावला, आणि तो चालला, पुढे टूरला गेला. मध्ये लहान मुलांच्या बेक ऑफचं, म्हणजे केक-बिस्किटांच्या टीव्ही स्पर्धेचं, सूत्रसंचालन, तेही छानच करतो, मुलांशी तो मोठ्या माणसासारखा बोलतो आणि मोठ्यांशी मुलासारखा. साठीला आलेला माणूस अजून कॉलर लावून गावोगावच्या थिएटरात फिरतोय.

हे सांगायचं कारण, तू विचारतेयस की पूर्णवेळ पडू का, आणि तुझ्या डोक्यात असं आहे की एकदा पडलं की मग वर जाणारा जिना. जिना नाहीये. अवॉर्डनंतर पण दीड महिन्यात थिएटर बंद पडतं. ते सोसायला मागे काहीतरी लागतं, पैसा म्हण, माणसं म्हण, कागदपत्रं म्हण. तुझ्याकडे आत्ता यातलं फक्त पगार आहे, तो टिकव.

मग करायचं काय. रोटा, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, काही आठवडे आधी मिळतो ना तुला, त्यात गिग बसव, गिगमध्ये रोटा बसवायला जाऊ नकोस. तास कमी करून घ्यायचा विचार असेल, बरेच डॉक्टर करतात इथे, तर आधी बघ की व्हिसाची किमान पगाराची अट त्यात मोडत नाहीये ना, तेही त्या वकिलाच्या यादीत टाक. नाइट ड्यूटी करून थेट स्टेजवर जाऊ नकोस, एकतर तू वाईट होशील आणि गाडी चालवत परत येशील ते तर अजून वाईट. पाच मिनिटांचा एकच सेट घे, भाज्यांचाच, आणि तोच तोच तोच कर. आज इथे, उद्या नॉटिंगहॅम, मग डर्बी, कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, तू नकाशाच्या मधोमध राहतेस, लंडनवाल्यांना हेवा वाटेल असं आहे ते. प्रत्येक वेळी रेकॉर्ड कर, घरी येऊन ऐक, हशा कुठे पडला ते नाही, शांतता नेमकी कुठल्या शब्दावर झाली ते लिही. नवीन सेट लिहायची खाज येईल, दाबून ठेव.

आणि लेस्टरमध्ये राहून तू कॉमेडी फेस्टिव्हलचा उल्लेखच केला नाहीस, हे मला कळलं नाही. १९९४ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेला, दर फेब्रुवारीला असतो, आणि नवीन माणसांना छोट्या खोल्या मिळतात. घरापासून बसने जाता येईल असा फेस्टिव्हल सोडून लोक ऑगस्टमध्ये एडिनबराला जातात, भाड्यातच अर्धा पगार घालवतात आणि सहा प्रेक्षकांसमोर तासभर करतात. एडिनबरा पळून चाललं नाहीये. आधी घरच्या खोलीत वीस मिनिटं भरून दाखव, कुणाबरोबर तरी अर्धा अर्धा वेळ वाटून घे, तुला अजून तासभराचं मटेरियल नाहीये आणि ते कबूल करायला काही हरकत नाही.

नवऱ्याचं. "तुझं तू ठरव" म्हणजे नको, असं तू लिहिलंयस, कदाचित असेलही, पण कदाचित त्याला फक्त एवढंच कळत नसेल की यात आपलं काम काय. त्याला ड्रायव्हर कर. सर्किटवर गाडीवाल्या माणसाला फार किंमत असते, दोन अजून कॉमिक मागे बसवून आणले तर पेट्रोल निघतं आणि तुझ्या ओळखी होतात. मागच्या सीटवर बसून कॉमिक जे बोलतात ते ऐकून त्याला पण या धंद्याचा अंदाज येईल, चांगला वाईट दोन्ही. तीन वेळा आल्यावर परत विचार त्याला.

आणि आई. बघ, मिरजेतल्या बाईला हॅरी हिल सांगून उपयोग नाही. तिला डॉ. लागू सांग. कान-नाक-घशाचे सर्जन, प्रॅक्टिस चालू होती, आफ्रिकेत जाऊन काम करून आलेले, आणि १९६९ ला चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नाटकात. त्याआधी कितीतरी वर्षं दोन्ही चालूच होतं की, हे पण सांग, म्हणजे तिला धक्का कमी बसेल आणि तुलाही आठवण राहील. निलेश साबळे होता तेव्हाचं चला हवा येऊ द्या तिने बघितलंच असेल, तर निलेश साबळेच्या नावामागे डॉक्टर का लावतात ते विचार तिला, तिलाच माहीत असेल. नोकरी सोडतेय असं सांगायचंच नाहीये तुला, त्यामुळे भांडायला कारण पण नाही, फक्त "आई, मी रात्री पबमध्ये जाऊन भाज्यांवर बोलते" एवढंच सांगायचंय. पब या शब्दावर ती अडकेल. हॉल म्हण.

पण लवकर सांग. लेस्टरमध्ये महाराष्ट्र मंडळाचं कुणी ना कुणी एखाद्या गुरुवारी त्या पबमध्ये बसलेलं निघणार, मोबाइल काढणार, आणि तुझी कोथिंबीर मिरजेला तुझ्या फोनच्या आधी पोचणार.

— मावशी